पोह्यातलं मीठ

सुदामच्या फ्रेंचचं कौतुक मले नका सांगू, बाप्पा. पंच्याऐंशी साली त्यानं नागपूरले कॉलेजात फ्रेंच घेतलं, तवा मी म्हटलं, "चामोर्शीच्या बाजारात फ्रेंच कोण बोलते बे?" मी मास्तर झालो. पोंभुर्ण्याले पोरगी पाहाले गेलो, तर सोबतीले दोस्त म्हणून त्यालेच नेलं. पोरीचा बाप त्याले म्हणे, "फ्रेंच बोलून दाखवा." हा लंबंचवडं बोलला. इतका वेळ मान खाली घालून बसलेली पोरगी म्हणे, "मंजे काय?"

"पोह्यात मीठ कमी हाये."

ती खदखदून हासली. मंग निरोप आला, पोरगा पसंत हाये, पण बाजूचा.

आता तो दिल्लीत दुभाष्या हाये. ती पॅरिस पाहून आली. अन् मी आजही सांगतो, पोह्यात मीठ बरोबर होतं.