बाबा बसले की मोटार बंद

धक्क्यावर मला मिस्त्रीणबाई म्हणतात. वय ४७ वर्षे, धंदा होडीच्या मोटारींची दुरुस्ती, राहणार धक्क्यामागील गल्ली, खाली दुकान व वर घर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, सदर दुकान माझ्या सासऱ्यांचे असून त्यांच्या पश्चात मी चालवते. होडीवाला थोरला व धक्क्यावर पेट्रोल विकणारा धाकटा, या दोघा सख्ख्या भावांना मी लहानपणापासून ओळखते. हल्ली दोघांचे बोलणे बंद आहे. का, ते मी विचारले नाही. धक्क्यावर दुसरीकडे पेट्रोल मिळत नाही, त्यामुळे अबोला असला तरी थोरल्याला टाकी धाकट्याकडेच भरावी लागते.

थोरल्याची तक्रार अशी की, धाकटा पेट्रोलमध्ये पाणी मिसळतो व त्यामुळे गेल्या आठवड्यात मालवाहू बोटीच्या तोंडाशी त्याची मोटार बंद पडली. होडीत उतारू होते. थोडक्यात वाचले. पाणी आहे की नाही ते पाहून सांगावे, म्हणून हवालदारसाहेबांनी मला बोलावले.

मोटार माझ्या लग्नाच्याही आधीची आहे. पूर्ण मेलेली मोटार आमच्या धंद्यात सोपी. मध्येच रुसणारी आणि आपली आपण पुन्हा सुरू होणारी म्हणजे डोक्याला ताप. मला तीच आवडते, हेही लिहून घ्यावे.

मी टाकीतले पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवले. पाणी असते तर तळाशी वेगळे दिसले असते. दिसले नाही. थोरला म्हणाला, "त्या दिवशीचं संपलं. आता सावध झालाय तो." प्लग पाहिले, ठिणगी चांगली होती. ठिणगी देणाऱ्या काही कॉइल तापल्यावर दगा देतात, म्हणून मोटार धक्क्याला बांधून चांगली तापेपर्यंत चालवली. चालली. मग थोरल्यासोबत नदीपलीकडे जाऊन आले. तेव्हाही तिने हूं की चूं केले नाही.

मी त्याला विचारले, "बंद पडते तेव्हा होडीत कोण असतं?" तो म्हणाला, "बाबा. बाबा असले की हमखास."

बाबा म्हणजे या दोघांचे वडील. स्वतः जुने नावाडी. होडी मुलगा चालवतो आणि कशी चालवायची ते हे मागे बसून सांगतात. त्या प्रसंगानंतर ते होडीत चढलेले नव्हते. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "नको गं. मी पांढऱ्या पायाचा. माझ्यापायी धाकटा तुरुंगात जायचा." मला राग आला. मी म्हणाले, "बाबा, मोटारीला पाय कळत नाहीत. चला मुकाट्याने."

नंतर हवालदारसाहेब व धाकटा यांनाही होडीत घेतले. त्या दिवशी बसले होते तसेच बाबांना बसायला सांगितले. ते सवयीप्रमाणे मागे पेट्रोलच्या टाकीवर बसले. टाकीवर रेक्झिनची जाड उशी होती. पात्राच्या मध्यावर मोटार खोकली व बंद पडली. "बघा!" असे थोरला ओरडला. धाकट्याचा चेहरा उतरला. काय झाले ते पाहायला बाबा उठले, आणि मला टाकीतून सुस्कारा ऐकू आला. थोरल्याने पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून दोरी ओढली. मोटार सुरू.

मी बाबांना पुन्हा बसवले. काही वेळाने पुन्हा बंद. उठवले, सुरू. तिसऱ्यांदा केवळ माझ्या हौसेखातर केले, तेव्हा हवालदारसाहेब "पुरे" म्हणाले.

टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते. पेट्रोल जाईल तशी हवा आत आली नाही, तर पेट्रोल पुढे सरकत नाही. बाबांच्या वजनाने उशी त्या छिद्रावर घट्ट बसत होती. ते उठले की हवा आत जाई. आधीच्या तपासणीत टाकीवर कोणी बसलेच नव्हते.

ही उशी कोणाची, असे विचारता थोरला म्हणाला, "बाबांनी विकत आणली." बाबा खाली बघत राहिले. मग धाकटा म्हणाला, "मी केलीय. जुन्या स्कूटरच्या सीटची. पत्रा टोचतो म्हणाले होते."

धक्क्याला लागल्यावर थोरल्याने सुरी काढली. हवालदारसाहेब म्हणाले, "मुद्देमालाला हात लावू नका." तोवर त्याने उशी धाकट्यापुढे धरली होती. "कुठून कापू?"

"झाकणापुरता कोपरा काप. जास्त नको, शिवण उसवेल."

"मला शिकवू नकोस."

"मग विचारतोस कशाला?"

यावर त्यांची जुंपली. बाबा डोळे पुसत होते. दोघांना गप्प करू नकोस, अशी त्यांनी मला खूण केली.

पेट्रोलमध्ये पाणी किंवा मोटारीत मुद्दाम केलेली खोडी मला आढळली नाही. तक्रारीचे काय करायचे ते थोरला सांगेल. माझी एवढीच विनंती आहे की, उशी जप्त करू नये. बाबा उद्या सकाळी पहिल्या फेरीला तिच्यावर बसणार आहेत.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे, म्हणून सही करते.