साच्याची रेघ

(जळगाव, १९८९. दुपार. नोकरीतून निवृत्त झालेल्या नर्स लिलाबाईंकडे धुळ्याची सुनंदा आली आहे.)

सुनंदा : चहा राहू द्या, अक्का. त्या टॉवेलात काय गुंडाळलंय?

लिलाबाई : कपाट लाव गं. धूळ बसते काचेवर.

सुनंदा : तुमच्या सातही झेक फुलदाण्या पुढे मांडलेल्या. ही आठवी मागे कशाला दडवली? बघू तरी.

लिलाबाई : सुनंदा, हात लावू नको!

सुनंदा : अगं बाई... हाई तं मनी फुलदाणी शे!

लिलाबाई : तुझी कशी? अशा पुष्कळ असतात.

सुनंदा : हातानं फुंकलेल्या दोन कधी सारख्या होत नाहीत, हे मला कोणी शिकवलं? खालून हिरवा रंग चढतो, वर मधासारखा होतो. आणि काठाजवळ हा बुडबुडा, वाटाण्याएवढा. अमळनेरला तेलगिरणीच्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं, तिथून आणली मी. एस.टी.त मांडीवर घेऊन. आधी घरी गेले नाही, सरळ तुमच्याकडे आले.

लिलाबाई : हो. आलीस.

सुनंदा : तुम्ही उलटी केली, बोट फिरवलं आणि म्हणालात, "तळाला साच्याची रेघ आहे. झेक नाही ही. फिरोजाबादचा साच्यातला माल."

लिलाबाई : म्हणाले.

सुनंदा : मला रेघ दिसली नव्हती. म्हटलं, अक्कांना दिसली म्हणजे असेल, माझाच चष्मा जुना झाला. "बरं, अक्का" म्हटलं आणि घरी जाऊन बेबाबाई भांडीवालीला दिली, एका पातेल्यावर. तुम्हाला पत्रात कळवलं, वर स्वतःला हसलेसुद्धा.

लिलाबाई : पत्र मंगळवारी आलं. बुधवारी मी धुळ्यात होते.

सुनंदा : धुळ्यात? आणि घरी नाही आलात?

लिलाबाई : तुझ्या गल्लीवरूनच बेबाबाईकडे गेले. पदर डोक्यावर ओढून.

सुनंदा : का पण? मागितली असती तर मी दिली नसती?

लिलाबाई : तेच नको होतं! तुझ्याकडून मागून घ्यायची? अगं, त्या गिरणीत मशीन बसवायला झेक इंजिनिअर आला होता. टायफॉइड झाला त्याला. एकवीस दिवस मी त्याच्या उशाशी होते, आणि ही समोर खिडकीत. ऊन आलं की भिंतभर हिरवं व्हायचं. जाताना त्यानं मला ती छोटी लाल दिली. ही तिथेच राहिली. बंगल्याला कुलूप लागलं. वीस-पंचवीस वर्षं दर दिवाळीला जाऊन पहारेकऱ्याला विचारत होते मी. आणि तू? काच कशाशी खातात, ते मी शिकवलं तुला. वर्ष झालं नाही, तर आत शिरलीस आणि उचलून आणलीस. वर नाचत मला दाखवायला!

सुनंदा : तुम्हाला आनंद होईल म्हणून आले होते.

लिलाबाई : नाही झाला. जळले मी. तू गेल्यावर या सातांकडे पाहिलं, तर एकीतही जीव वाटेना.

सुनंदा : मग मिळाली तर होती. पुढे का नाही मांडली?

लिलाबाई : मांडली होती एक दिवस. तिच्याकडे पाहिलं की तुझं ते "बरं, अक्का" ऐकू यायचं. किती लगेच ऐकलंस गं माझं. थोडी भांडली असतीस तरी चाललं असतं.

सुनंदा : तुमच्याशी कशाला भांडेन मी?

लिलाबाई : घेऊन जा. तुझीच आहे.

सुनंदा : नेते. ठेवा म्हणण्याइतकं माझं मन मोठं नाही.

लिलाबाई : खालून धर. जड आहे.

सुनंदा : शिरपूरला एका डॉक्टरांकडे निळी आहे म्हणतात.

लिलाबाई : जाशील बघायला?

सुनंदा : जाईन. पण मिळाली, तर दाखवू कोणाला?