माळी भर दुपारी पाणी घालतो

हो हो, कळलं ताई, मोठ्यानं वाचायचं, मधे थांबायचं नाही, अन् तुम्ही घड्याळ लावणार. पण मला आधी सांगा, वाचायची शर्यत काढली कुणी? पळायची ऐकली, सायकलची ऐकली. म्हातारी माणसं धरून आणायची अन् मिनिटाला किती शब्द म्हणून मोजायचे — शब्द काय पोत्यात भरून विकायचेत?

माझ्या डोळ्याला काही झालेलं नाही. पोरानं आणलंय. तो बाहेर बसलाय ना, मोबाईलमधे तोंड खुपसून — तोच. फवारणीच्या खोलीची किल्ली खिशात घालून फिरतो. म्हणतो, दवाखान्यातल्या ताईंनी सांगितलं की तुम्ही नीट वाचता, तर लगेच देतो. खोली माझी, पंप माझा, अन् किल्ली मागायची पोराकडं. का? तर म्हणे टोमॅटो जळाले. जळाले म्हणजे काय — एक वाफा. आता शेजाऱ्याचाही थोडा धरला तर जास्त होईल, पण तिकडं फवारा वाऱ्यानं गेला, मी नाही मारला. बाटल्या सारख्याच असतात हो. तण मारायची हिरवी, झाडाला जोर द्यायची तीही हिरवी. कंपनीवाल्यांना दुसरा रंग मिळत नाही? लेबल वाचायचं म्हणे. मुंगीएवढी अक्षरं, ती काय कंपनीचा मालक तरी वाचत असेल?

काय? तुमच्याकडं बघून बोलू? बघतोय की. तुमच्या कानाकडं बघितलं की तोंड बरोबर दिसतं. सरळ बघितलं की मधेच बोटाचा डाग पडल्यासारखं होतं — चष्मा पुसायला पाहिजे, एवढंच. बायको म्हणते, माझ्याशी बोलताना दाराकडं काय बघता, कोण येणार आहे? असली संशयी.

हां, द्या कार्ड. लावा घड्याळ. — माळी भर दुपारी झाडांना पाणी घालतो. त्याची बायको झाडाखाली बसून टोपली विणते. त्यांचा कुत्रा — थांबा जरा. भर दुपारी? कुठला गाढव माळी भर दुपारी पाणी घालतो? मुळं उकडून निघतील. हे लिहिलं कुणी? खुर्चीत बसून लिहिलं असेल. अन् बायको सावलीला, हा उन्हात — बरं, तेवढं खरं असेल. घड्याळ चालू का ठेवलंय? मी वाचत नाही, बोलतोय. बोललेलं धरू नका.

बघितलंत ना, कसं पाण्यासारखं वाचलं? लिहा आता, अन् पोराला हाक मारा.

काय नाही? माळी नाही? यात माळी नाही म्हणजे? कार्ड बदललंत? मघाच्या त्या टोपीवाल्याला माळी दिला, त्याच्या आधी त्या जाड्या बाईला माळी दिला — ती तर कुत्र्यापाशी येऊन दर वेळी अडकायची — अन् मलाच दुसरं? तुमचा पडदा केवढा पातळ, बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू येतं. मी काय कान बंद करून बसू? पाठ नाही केलं. आपोआप झालं.

बरं, द्या. दुसरं तर दुसरं. मीही काही कच्चा नाही. इकडं आणा, उजेडात. जरा तिरकं — असं.

हे काय ताई. थट्टा करता म्हाताऱ्या माणसाची? कडेला बारीक काळी रेघ काढलीय अन् मधे काही छापलेलंच नाही. कोरं कार्ड हातात द्यायचं अन् वर घड्याळ लावायचं, ही कुठली रीत? डॉक्टरांना सांगतो मी. नीट छापलेलं द्या, मग बघा —

कोरं नाही?

मधे पण आहे लिहिलेलं?



घड्याळ बंद करा ताई.