स्टुलावरची पंधरा मिनिटं

…बोललीस! ‘हो मावशी’ हेसुद्धा बोलणंच झालं. शिट्टी वाजली की तोंडाला कुलूप, हा इथला नियम. जाऊ दे, इकडे पहिल्यांदा आलीस म्हणून सोडते — लांब्या, घड्याळ पुन्हा लाव रे. हां. पाठ ताठ, हात गुडघ्यावर, नजर माझ्याकडे. मान हलवलीस तर चालेल, हसलीस तर चालेल, रडलीस तरी चालेल — मागच्या आठवड्यात एक चांगला दाढीवाला मेकॅनिक ढसाढसा रडला, त्याला आम्ही पास केलं — पण उलट उत्तर दिलंस किंवा स्टुलावरून उठलीस की नापास. पंधरा मिनिटं मी तुला वाट्टेल ते बोलणार, तू ऐकून घ्यायचं. सोपं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. मी चारदा बसलेय त्या स्टुलावर, चारदा नापास. सगळ्यात जास्त टिकले ती चार मिनिटं, आणि त्यातलं एक मिनिट मला ठसका लागला होता.

मी आपली चादरींच्या घड्या घालत बोलते हां, हात रिकामे असले की मला सुचत नाही. खालच्या धुलाईखान्याला आज सुट्टी, पण इस्पितळाला कुठे सुट्टी असते, उद्या सकाळी तीनशे चादरी गेल्याच पाहिजेत. तर — काय गं, बेकरीवाल्याची मुलगी ना तू? पलीकडच्या काठाची? आणि इतकी किडकिडीत? बापाला स्वतःचा पाव स्वतःच्या पोरीच्या गळ्याखाली उतरवता येत नाही, तो आम्हाला काय विकणार! — नाही, नाही लागलं. तुझा चेहरा हलला नाही. पण तू पुलावरून चालत आलीस, माझ्या दाराशी येऊन तीनदा मागे फिरलीस आणि चौथ्यांदा कडी वाजवलीस, खिडकीतून पाहिलंय मी — ते तुझं नेहमीचंच असणार, सगळं चौथ्यांदा करायचं. हां! हे लागलं. बघ, खोटं बोललं की ते घसरून जातं, खरं तेवढं रुततं. आणि मी शिवी देत नाही हां, शिवी आळशी माणूस देतो. मी बोलते.

ह्या सगळ्याची सुरुवात माहीत आहे का तुला? नाही? पुलावरची दगडफेक तर लहानपणापासून पाहिलीच असशील — दर शनिवारी संध्याकाळी इकडची पोरं इकडून, तिकडची तिकडून, का तर कधीकाळी कुणीतरी कुणाची तरी होडी फोडली होती. ती होडी कुजून तिची माती झाली, दगड आपले चालूच. मग एका शनिवारी दगड लागला तो आमच्या चष्मेवालीला — नळदुरुस्तीवाल्याची मुलगी, नर्सिंग शिकते. चष्म्याचा चुरा झाला, डोळा थोडक्यात वाचला. तिच्या जागी मी असते तर पुढच्या शनिवारी बादलीभर दगड घेऊन गेले असते. ती सहा जणांना घेऊन गेली, रिकाम्या हातांनी, आणि पुलाच्या मधोमध रांग करून उभी राहिली. मारायचं नाही, पळायचं नाही, उलट बोलायचं नाही. किती वेळ टिकली रांग? — सात मिनिटं! समोरून कुणीतरी ह्या लांब्याच्या आईवरून काहीतरी बोललं आणि आमचे हे शांतीवाले पायातला बूट उपसून धावले. हसतोस काय रे, तुझंच सांगतेय! सातांतले तिघं शांततेसाठी मारामारी करून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सातही जण माझ्या दारात. चष्मेवाली म्हणते, ‘मावशी, दगड सोसतो आम्ही, बोलणं सोसत नाही. सवय करायला हवी. तुम्ही दर रविवारी आम्हाला बोलाल का?’ म्हटलं, मीच का? तर म्हणाली, ‘आम्ही मत घेतलं, एकमतानं तुमचं नाव आलं.’ एकमतानं! अख्ख्या वस्तीतून! रागवावं की हुरळून जावं तेच कळेना मला. एकतीस वर्षं इथे मुकादम आहे मी, खालच्या मशिनांच्या खडखडाटावरून ओरडायचं म्हणजे घसा आणि जीभ दोन्ही तयार होतात — पण कुणी त्यासाठी घरी येऊन विनंती करावी! हो म्हटलं. पहिल्या रविवारी सातांतले पाच पळाले. तिसऱ्या रविवारी सातही बसले. मग वीस झाले, मग जिन्यावर रांग लागायला लागली, मग तुमच्या काठावरची पोरंही हेच करायला लागली, आणि गेल्या महिन्यात पुलावर दोन्ही काठांची मिळून एकशेसाठ पोरं उभी होती — मी मोजली, ह्याच खिडकीतून. समोरून दगडवाले आले, घसा ताणून आई-बाप सगळं काढलं, आणि आमच्या रांगेतून एक पोरगी म्हणाली, ‘ह्यापेक्षा आमची मावशी बरी बोलते.’ अख्खी रांग हसली! हसणाऱ्यांवर कोण दगड मारणार — हातातले दगड नदीत टाकले आणि गेले घरी. त्यातले चौघं पुढच्या रविवारी इथे, ह्याच स्टुलावर. आता दुसऱ्या गावांतून पत्रं येतात, ‘आम्हालाही रांग करायची आहे, बोलणारी मावशी कशी शोधावी?’ — अरे, शोधायची कसली, प्रत्येक गल्लीत एक असतेच!

तर झालं काय, की माझं बोलणं ह्यांना पाठ झालं. हा लांब्या तर माझ्याबरोबर ओठ हलवतो. तेव्हा चष्मेवालीनं काढलं, की मावश्यांची अदलाबदल करू — तिकडची इकडे, इकडची तिकडे. म्हटलं करा, मला काय. आज ती इथे येणार, पुढच्या रविवारी मी तिकडे. तुमच्याकडच्या मावशीबद्दल विचारलं तर पोरं सांगायला लागली, ती असं बोलते, ती तसं बोलते, ‘तुझ्यापेक्षा ओला टॉवेल बरा, पिळला तर पाणी तरी निघतं’… माझ्या हातातली चादर खाली पडली. हे वाक्य माझ्या आईचं. आईचं! आमच्या घराच्या ह्याच खोलीत बोलायची ती, ह्याच टेबलापाशी, आणि ऐकणाऱ्या आम्ही दोघीच होतो — मी आणि माझी धाकटी बहीण. खाण तशी माती, दुसरं काय. दोन काठांनी आपापली सगळ्यात तिखट जीभ शोधली, तर दोन्ही एकाच घरातल्या निघाल्या!

एकोणीस वर्षं बोललेलो नाही आम्ही. लग्न करून ती पलीकडे गेली, तोवर ठीक होतं. आई गेली त्या दिवशी ही आली ती संध्याकाळी, सगळं उरकल्यावर, दारात उभी राहिली आणि एक शब्द न बोलता परत गेली — अशी घमेंड! तेव्हापासून नाही ते नाहीच. माझ्याशी भांडण… तू तिच्याच हाताखाली तयार झालीस ना? काय म्हणते गं ती माझ्याबद्दल? — नाही, बोलू नकोस! मान हलव फक्त. वाईट बोलते? नाही? बरं बोलते? तेही नाही. काहीच बोलत नाही. हं. इथे मी आहे, हे माहीत आहे तिला? — माहीत आहे? आणि तरी येतेय?

थांब, ही चादर चुकली. कोपऱ्याला कोपरा लागत नाहीये आज. मोठी चादर एकटीनं घालायची घडीच नव्हे ही, एक टोक तिच्याकडे असायचं… तो कोपरा बघू नकोस. आईचं शिवणयंत्र आहे ते. नाही, मी शिवत नाही. तेल घालते महिन्याच्या महिन्याला. गंजू नये म्हणून. कुणासाठी म्हणजे? — तू विचारलं नाहीस, बरोबर आहे. मीच बोलले.

आता एवढं निघालंच आहे तर ऐक. त्या दिवशी पूल बंद होता. दगडफेक झाली होती, कुणाला सोडत नव्हते. ती वरच्या धरणावरून वळसा घालून आली, सकाळी निघालेली संध्याकाळी पोचली. पायात एक चप्पल, दुसरी हातात, पट्टा तुटलेला. दिसलं होतं मला. ती चप्पल दिसली होती, पायाचं रक्त दिसलं होतं, सगळं दिसलं होतं, आणि तरी भरल्या दारात मी म्हटलं, ‘आलीस? शिवणयंत्र न्यायला आलीस ना? ने, उचल.’ खोटं होतं गं ते. आत्ता तुला सांगितलं ना, खोटं घसरून जातं म्हणून? नाही जात. माझी बहीण — जिनं आईला सोडलं नाही, मास्तरांना सोडलं नाही, स्वतःच्या लग्नात नवऱ्याला चार शब्द सुनावले — ती त्या दिवशी काही बोलली नाही. उलटी फिरली. एका चपलेनं. मी आपली वाट बघत राहिले, उद्या येईल, तोंडाचा पट्टा सोडेल, मला फाडून खाईल, मग मी रडेन, मग होईल सगळं नीट. एकोणीस वर्षं तिचं उत्तर यायचं राहिलंय. मला हवंय गं ते…

रडू नकोस तू. रडलं तर चालतं, पण तू रडलीस की मग मी — ऐकलंस? लोखंडी जिना वाजतोय. दोन-दोन पायऱ्या! ह्या वयात! गुडघे मोडतील भवानीचे. तीच आहे, दुसरी कोण असणार.

ऊठ. ऊठ म्हणते ना! पास झालीस, पास, लांब्या लिहून घे हिला पास. ते स्टूल इकडे दे. नाही, मी बोलणार नाही तिला, ती बोलेल, मी बसणार. पाठ ताठ — अशीच ना? हात गुडघ्यावर. लांब्या, पंधरा मिनिटांनी शिट्टी वाजवलीस तर तुझी धडगत नाही. ती स्वतःहून थांबेल तेव्हा वाजव, संध्याकाळ झाली तरी चालेल. आणि मी उठायला लागले तर दोघं मिळून खांदे दाबून बसवा मला. जा पोरी, कडी काढ. मी आता एक शब्द