दहावी लड

प्रोकोपियो : ते वीसपैकी वीस राहू दे बाजूला, नाउम. आधी मला हे सांग, यातून तुझ्या आईला मिळणार काय? पैसा नाही, पदक नाही. मेक्सिको शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी पाठवलेला एक कागद, तोही चुरगळलेला.

नाउम : हंडं मिळेल, पाद्रीनो. तिचं तांबडं हंडं.

प्रोकोपियो : हं. आलं पोटातलं ओठावर.

सेनोबिया : पोटात होतं कधी? दोन वर्षं ओरडून सांगतेय. या गावच्या रंगारणींच्या संघात तांबड्या रंगाचं हंडं चुलीवरून कधी उतरवायचं, हे एकोणीस वर्षं मी ठरवलं. मग तुम्ही सभेत उभे राहिलात, आणि तेव्हापासून मी ओढ्यावर लोकर धुते. उद्या रविवार, उद्या पुन्हा सभा आहे. एकदा उभं राहून मला खाली बसवलंत, कोंपाद्रे. आता एकदा उभं राहून उठवा.

प्रोकोपियो : आणि मी का उभा राहिलो, ते नाही सांगत! चार बायकांदेखत तुम्ही माझ्या लडी नाकाशी धरून म्हणालात, हा निवडुंगावरच्या किरमिजी किड्यांचा रंग नव्हे, दुकानातल्या रासायनिक पुडीचा आहे. ज्या माणसाने तुमच्या पोराला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं, त्याचा पाद्रीनो, म्हणजे धर्मपिता, आणि तुमचा कोंपाद्रे झाला, त्याच्या लडी! मी तर किती सौम्यपणे म्हणालो, कोमाद्रेची नजर आता थकली.

सेनोबिया : नाकाशी नव्हे, डोळ्याशी धरल्या. आणि थकलेली नजर वीसपैकी वीस आणत नाही.

नाउम : पत्र वाचू का पुढे? की आधी दोन वर्षांचं भांडण उरकून घेताय?

प्रोकोपियो : वाच. पण सावकाश, आणि माणसाच्या भाषेत.

नाउम : डॉक्टर बारागान म्हणतात, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या पेशी असतात, तीन जातींच्या. तुमच्यात तीन, सरपंचात तीन. आईच्या रक्ताच्या तपासणीत चार निघाल्या.

प्रोकोपियो : तुझ्या आईच्या प्रत्येक गोष्टीत एक जास्तीचं असतंच.

नाउम : पण नुसत्या असून भागत नाही म्हणे. डोळा फक्त टिपतो. एका पेशीने टिपलेलं आणि दुसरीने टिपलेलं शेजारी ठेवून फरक काढायचा, तो पुढे, डोक्यात. बऱ्याच बायकांमध्ये ही चौथी जात असते, आणि मेंदू तिचं ऐकतच नाही.

प्रोकोपियो : मी माझ्या सासूचं ऐकत नसे, तसं.

सेनोबिया : तुमच्या सासूबाई म्हणाल्या ते सगळं खरं झालं.

नाउम : आईचा मेंदू ऐकतो. का ऐकतो, ते त्यांनाही अजून कळलेलं नाही. जन्मापासून तसा की चाळीस वर्षं हंड्यात बघून बघून शिकला, हे शोधायला त्या पुन्हा येणार आहेत, डोक्याला लावायच्या तारांच्या टोप्या घेऊन. आणि ती पेटी आठवते ना, दोन खिडक्यांची? दोन्हींत पिवळा उजेड. मला एकच दिसला, डॉक्टरांना एकच, त्यांच्या ड्रायव्हरलाही एकच. पण त्यातला एक होता सरळ पिवळा, आणि दुसरा तांबडा-हिरवा मिसळून केलेला. आईने वीसच्या वीस वेळा मिसळलेला बरोबर दाखवला.

सेनोबिया : त्यात काय दाखवायचं? एक अळणी होता.

प्रोकोपियो : पेटी त्यांची, खिडक्या त्यांच्या, पिवळा त्यांचा. माझ्या लडी तांबड्या आहेत. आणि त्या तुमच्याशिवाय अख्ख्या संघाला सारख्या दिसल्या. म्हणून मी माझी परीक्षा घेऊन आलोय. ही बघा पिशवी.

नाउम : हे काय, तमाले आणलेत?

प्रोकोपियो : मक्याची सालं दिसली की लगेच भूक लागते याला. सालांत गुंडाळलेले लडींचे तुकडे आहेत, दहा. पाच तोमासा जिवंत होती तेव्हाचे; तिने स्वतः किडे पाट्यावर वाटून रंगवलेले. माझ्या बायकोच्या हाताला तर तुम्हीही कधी नाव ठेवलं नाहीत, कोमाद्रे. आणि पाच ती गेल्यानंतरचे, ज्यांच्यावरून हे सगळं झालं. तोमासाच्या तुकड्यांना सालाच्या आतून कोळशाची फुली मारलीय. बाहेर नुसतं टोक लोंबतंय. लावा दोन ढीग.

सेनोबिया : आणि लावले तर?

प्रोकोपियो : तर उद्या सभेत हॅट हातात घेऊन सांगेन की मी चुकलो. पण एक जरी तुकडा चुकला, तर चुकले म्हणून तुम्ही सांगायचं. आणि हंड्याचा विषय पुन्हा काढायचा नाही, जन्मात.

सेनोबिया : ठीक.

नाउम : आई, जन्मात म्हणजे...

सेनोबिया : ठीक म्हटलं ना.

प्रोकोपियो : साक्षीदार नाउम. सबंध गावात याच्याइतका निष्पक्ष माणूस मिळायचा नाही. तांबडं नि हिरवं याला सारखंच.

नाउम : सारखं नाही, पाद्रीनो. जवळजवळ सारखं. आई लडींना गाठी मारून देते म्हणून माग चालतो माझा. तांबड्याला एक, हिरव्याला दोन.

प्रोकोपियो : तुझ्या आजोबांना गाठी मारणारं कोणी नव्हतं, देव त्यांना शांती देवो. कोंबड्याला हिरवागार तुरा विणला. आम्ही हसत बसलो, आणि एक परदेशी बाई तो गालिचा छातीशी धरून घेऊन गेली.

सेनोबिया : माझ्या वडिलांना मध्ये आणू नका. आणि ती सालं इकडे सावलीत घ्या. अजून आत. उन्हात कुठलंही तांबडं खरं वाटतं. नाउम, ती न रंगवलेली करडी लोकर माझ्या मांडीवर ठेव.

प्रोकोपियो : ती कशाला?

सेनोबिया : एक तांबडं पाहिलं की डोळ्यात त्याचं मागे उरतं. ते धुवायला. करड्यावर नजर टेकवायची, मग पुढचं बघायचं.

नाउम : हे डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं होतं.

सेनोबिया : मी म्हटलं त्यांना, लिहून काय घेताय, हे इथे सगळ्याच करतात. हं. ही तोमासा. ही तुमची. ही तुमची. ही तोमासा; हंडं जरा लवकर उतरवलं होतं बाईने. तोमासा. तुमची.

प्रोकोपियो : अहो, थोडा विचार तरी करा! बघणाऱ्याला वाटेल बटाटे निवडताय.

सेनोबिया : बटाट्याला जास्त वेळ लागतो. तोमासा. तुमची. तोमासा. आणि ही शेवटची... थांबा.

प्रोकोपियो : अडलात!

सेनोबिया : अडले नाही. जरा ओळख पटायला वेळ लागला. वाटण जाडसर राहिलंय, रंग कुठे धरलाय, कुठे सुटलाय. पण हात तिचाच. तोमासा.

प्रोकोपियो : मोज, नाउम.

नाउम : हा ढीग सहा. हा चार.

प्रोकोपियो : सहा! मी फुल्या पाच मारल्यात. ते शेवटचं साल उघड. आहे फुली?

नाउम : नाही.

प्रोकोपियो : नाही! बाकीची?

नाउम : या पाचांवर फुली. त्या चारांवर नाही. म्हणजे नऊ बरोबर आहेत, पाद्रीनो. दहापैकी नऊ!

प्रोकोपियो : ठरलं काय होतं? एक जरी चुकला तर. कोमाद्रे, मला वाईट वाटतंय, खरंच सांगतो. पण उद्या सभेत...

सेनोबिया : फुली चुकली आहे.

प्रोकोपियो : फुली मी मारली!

सेनोबिया : म्हणजे तुम्ही चुकलात. लड तोमासाची आहे.

नाउम : याला एक उपाय आहे, आणि तो तुम्हा दोघांनाही माहीत आहे. परसात झाड लिंबांनी लगडलंय. किरमिजी किड्यांच्या रंगावर लिंबू पडलं की तो नारिंगी होतो, पुडीचा रंग ढिम्म हलत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना आपण हा खेळ रोज करून दाखवतो.

सेनोबिया : नाही.

नाउम : आई, दोन वर्षांपूर्वीच पिळलं असतंस तर आज ही वेळ...

सेनोबिया : नाही म्हटलं. परक्याच्या लोकरीवर लिंबू पिळतात. कोंपाद्रेच्या लोकरीवर पिळणं म्हणजे भर चौकात त्याचे खिसे तपासणं. तुला ज्याने हातावर घेतलं, त्याचे. मला दिसलं ते मी बोलले, त्यापुढे हात उचलणार नाही. हंडं गेलं तर गेलं.

प्रोकोपियो : म्हणून नव्हतं पिळलंत?

सेनोबिया : मग काय, झाडाला लिंबं नव्हती?

प्रोकोपियो : आण रे दोन लिंबं, नाउम. सुरी इकडे दे. लोकर माझी आहे, मी पिळतो.

(प्रोकोपियो लिंबू चिरतो आणि दहाही तुकड्यांवर पिळतो.)

नाउम : झालं का काही? कोणीतरी सांगा मला. मला सगळा एकच चिखल दिसतोय.

सेनोबिया : फुलीवाल्या पाच नारिंगी झाल्या.

नाउम : आणि त्या चार?

सेनोबिया : तशाच.

नाउम : दहावी?

सेनोबिया : तुम्ही सांगा, कोंपाद्रे. आता तर तुम्हालाही दिसतंय.

प्रोकोपियो : नारिंगी. नारिंगी झाली रे. तिचीच आहे.

नाउम : दहापैकी दहा! आई! तू दहा, आणि परीक्षा घेणारा नऊ! थांब, मी चौकात जाऊन ओरडून येतो...

सेनोबिया : बस खाली. त्यांच्याकडे बघ जरा.

प्रोकोपियो : आजारात एक दिवस बरं वाटलं तिला. उठून पाट्यापाशी बसली. अर्धं वाटलं आणि हात थांबला. मी म्हटलं, राहू दे, आहे तसंच टाक हंड्यात. त्याची एवढीशी लड निघाली. मला वाटलं, कुठल्यातरी गालिच्यात जाऊन संपली. त्या पाच मी पेटीत जपून ठेवल्यात, आणि ही दोन वर्षं माझ्या त्या कचऱ्यात पडलेली.

सेनोबिया : म्हटलं ना मी, वाटण जाडसर आहे.

नाउम : 'कचऱ्यात' म्हणालात, पाद्रीनो.

प्रोकोपियो : म्हणालो. आता लिंबानेच सांगितलंय, मी काय लपवू? ती गेल्यावर पाट्यावर बसणार कोण? माझे गुडघे वाकत नाहीत. वाहाका शहराच्या बाजारात वाटलेल्या किड्यांची पूड मिळते डब्यात. विकणारा म्हणाला, अस्सल किरमिजी. मी घेतली. त्यात पुडीचा रंग आहे हे मला ठाऊक नव्हतं, कोमाद्रे, मेरीमातेची शपथ. पण मी, प्रोकोपियो, तयार वाटण विकत आणतो, हे गावाला कळू द्यायचं नव्हतं मला. तुम्ही लडी डोळ्याशी धरून 'पुडी' म्हणालात, आणि मला वाटलं, हिला डबा दिसला.

सेनोबिया : डबा कुठला दिसतोय? मला नुसतं तांबडं दिसलं. एक शब्द बोलला असतात तर मी वाटून दिलं असतं.

प्रोकोपियो : तेच सहन झालं नसतं.

सेनोबिया : मी ओढ्यावर लोकर धुते ते झालं.

प्रोकोपियो : झालं. खोटं कशाला बोलू? उद्या सांगेन सगळं, डब्यासकट. हॅट हातात घेऊन.

सेनोबिया : हॅट डोक्यावरच असू द्या. टकलाकडे बघत बसल्या तर बायका ऐकायच्या नाहीत.

नाउम : पण हंडं उद्याच!

सेनोबिया : उद्याच. चूल मी पेटवणार, लाकडं मी निवडणार. ओढ्यावर ज्याला जायचं त्याने जावं. आणि कोंपाद्रे, किडे घेऊन या सोमवारी. अख्खे, सुकवलेले. पाटा माझ्याकडे आहे, गुडघेही आहेत.

प्रोकोपियो : आणि ही दहावी?

सेनोबिया : तुमचीच आहे. साध्या पाण्यात दोनदा खंगाळून घ्या, लिंबू निघेल. आणि आत फुली मारा.

प्रोकोपियो : चला, मांडून बघू. त्याशिवाय मला उठवत नाही. हंडं कोमाद्रेला. मला तोमासाची सहावी लड, नाक कापून घेऊन का होईना. डॉक्टरीणबाईंना चार जातींचा डोळा. सगळ्यांनाच मिळालं! कोणीच काही मोल भरलं नाही, असा सौदा मी आजवर पाहिलेला नाही.

नाउम : पत्राचा शेवटचा परिच्छेद राहिलाय वाचायचा.

सेनोबिया : राहिलाय की ठेवलास?

नाउम : ठेवला. त्या लिहितात, अशा बायका शोधायच्या तर आधी त्यांचे मुलगे शोधावे लागतात. म्हणून त्या पहिल्यांदा आल्या त्या माझ्याकडे. आजोबांकडून तुला एक जात जरा सरकलेली आली आणि आजीकडून नेहमीची. तुझ्यात दोन्ही राहिल्या, म्हणून तुझ्या चार. मुलाला मात्र त्या दोन्हींतली एकच मिळते. मला सरकलेली आली, म्हणून तांबडं-हिरवं मला जवळजवळ सारखं.

सेनोबिया : म्हणजे चांगली माझ्याकडे राहिली, आणि तुला...

नाउम : तू नाही ठेवून घेतलीस. नाणं उडवल्यासारखं असतं ते.

सेनोबिया : एकोणीस वर्षं मिरवलं मी. मला दिसतं, मला दिसतं. आणि त्याचं दुसरं टोक हे.

नाउम : आई, आज मिरव. आजच्या दिवशी मिरवलं नाहीस तर मी रागावेन. फक्त उद्या हंडं उतरलं की पहिल्या लडीला गाठ मारायला विसरू नकोस. ती मी विणणार आहे.

सेनोबिया : गाठ कधी विसरलेय मी?

प्रोकोपियो : म्हणजे मोल भरणारा सापडला. हा पोरगा. आम्ही तिघांनी घेतलं, ते याच्यातून गेलं.

नाउम : गेलं असेल, पाद्रीनो. काय गेलं, ते मात्र मला कधी दिसलेलं नाही.