उंबऱ्यावरचा गार चहा

मंडळी, कीर्तन पुढे नेण्याआधी एक सांगा. घरी आलेल्या माणसाला घालवायला काय लागतं? काठी? शिवी? छे — नुसता गार चहा पुरतो.

इंग्रजीत याला म्हणतात 'थंड खांदा देणे'. कॉलेजात आम्ही पाठ केलेलं. काही सांगतात, तिकडे नकोशा पाहुण्याला गरम ताट नाही, मटणाचा गार खांदा पुढे सरकवायचे. पुढे बसलेल्या काकू, नाक मुरडू नका, मटण परदेशातलं आहे. जाणकार म्हणतात, ताटाची गोष्ट मागाहून जोडली. खांदा फिरवून पाठ केली, एवढाच अर्थ. आमच्या शाल्मलीने दोन्ही केलं.

कोण शाल्मली? नदीकाठच्या गावातली, शिकलेली, पहिलटकरीण. बाळ शिंकलं तरी वहीत लिहिणारी. बाळाला माखायला गिरजाक्का यायची. अंगणात धुकं उतरलेलं, ओव्याचा वास, आणि अक्का शेगडीपाशी डोळे मिटून — हात निखाऱ्यांवर धरलेले, कितीतरी वेळ. शाल्मलीला वाटायचं, म्हातारी पेंगते.

एकदा माखताना बाळ कळवळलं. शाल्मलीने वहीत लिहिलं, अक्काचा हात जड पडतो. रोज बाळ निजलं की अक्काच्या हातात वाफाळता चहा जायचा. दुसऱ्या दिवशी तो आधीच ओतून उंबऱ्यावर ठेवला, आणि ही पाठ करून दुपट्यांच्या घड्या घालत बसली. अक्काने साय धरलेला चहा प्यायला, कप विसळून पालथा घातला. "येते गं."

आली नाही.

शाल्मलीने स्वतः तेल कोमट केलं, मनगटावर थेंब टाकून पाहिलं. पण हात लावला की बाळ दचके, रडे. तीन दिवस झोप नाही, दूध धरीना. चौथ्या सकाळी ती बाळाला छातीशी धरून धुक्यातून अक्काच्या दारात. मंडळी, आता पाळी अक्काची. तिने पाठ फिरवली असती, तर कोण काय म्हणणार होतं?

"वहीत नाही होय सापडलं?" अक्का म्हणाली.

"अक्का, काय चुकतंय? तेल तर कोमट होतं."

"तेल कोमट. आणि हात?" तिने शाल्मलीची बोटं चाचपली. "काळजीनं बर्फ झालाय नुसता, पोरी. बस इथं."

दोघी निखाऱ्यांपाशी बसल्या. हळूहळू शाल्मलीचे डोळे मिटले. तिला वाटलं, आपणच कुणाच्या तरी मांडीवर आहोत. मग अक्काने तिचा शेकलेला हात बाळाच्या पाठीवर ठेवला. बाळाने सुस्कारा टाकला, आणि निजलं.

अक्काने चहा गाळला. "घे, गरम आहे तोवर."

शाल्मलीने तो कप आधी अक्कापुढे धरला.

आता आपलं बघू. या आठवड्यात न बोलता कुणाकडे पाठ केलीत? हात वर करू नका. नुसते एकमेकांवर घासा, ऊब येऊ द्या, आणि त्याच हातांनी टाळी धरा — पण हळू. मागे माझी लेक आत्ताच निजली आहे. देवाला हळू घेतलेलं नावही ऐकू जातं.