निळी सुतळी

मी मूळची सदलग्याची, लगीन होऊन बेळगावला खासबागेत आले आणि तवापास्नं हातात दाभण हाय. फाटकी पोती शिवायची, भरलेल्यांची तोंडं टाचायची. काय सांगू तुम्हाला बाई, आमच्या वखारीत निपाणीचा तंबाखू, गूळ, मिरची सगळं यायचं आणि बोटीवर चढायला लांब मुंबईला जायचं. घाट उतरला की कारवार, गोवा, वेंगुर्ला, समुद्र हितं उशाला, पण माल तिकडं.

माझा जावई त्याच वखारीत हमाल. काम कमी झालतं, तो म्हणायचा, आत्ती, मुंबईच्या गोदीत माणसं घेत्यात, सुशीला घेऊन जातो. एकुलती लेक माझी. मी म्हणायची, थांब रं जरा, बंदर जवळ येतंय. तवा बोलणंच तसं चाललतं, गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र, तिन्ही राज्यांचे साहेब एकत्र बसणार, एक बंदर ठरवणार, एक रस्ता करणार, बेळगावात माल गोळा करून तिकडं धाडणार.

आमच्यात रीत अशी, की कुणाला कानडी वाचता येत न्हाय, कुणाला मराठी, म्हणून माल जाईल त्या गावाला ठरलेल्या रंगाची सुतळी. मुंबईला पांढरी. गोव्याला निळी धरलेली, पण कधी लागली न्हवती.

बैठकीला आमच्या वखारीचे मालक गेलते. हसत आले, म्हणाले, गोव्याचं ठरलं, निळी काढा गं. माझी नणंद, आक्का, माझ्यासंगं पोती शिवायची, तिनं इचारलं, सह्या झाल्या व्हय? मालक म्हणाले, आक्का, साहेबांनी एकमेकाला पेढा भरवला, आणि काय पायजे? बाई, आमच्यात तोंड गोड झालं की सोयरीक पक्की. मालकांनी तेच धरलं, आम्हीबी तेच धरलं. अख्खी वखार निळी केली. जावयानं बांधलेली वळकटी सोडली, सुशीनं दारात तुळस लावली.

मग कळलं. गोव्याकडचा साहेब म्हणतोय आधी आमची खनिजाची माती जाईल, हिकडचा म्हणतोय आमचा माल आमच्या कारवारला, महाराष्ट्राचा म्हणतोय मग वेंगुर्ला काय वाईट. रस्ताबी ज्यानं त्यानं आपल्या हद्दीपतोर केला, मधला तसाच. आक्का म्हणाली, जावा-जावा बऱ्या गं, भांडून का होईना एका आडाचं पाणी भरत्यात.

मालक म्हणाले, उसवा. आम्ही बायका खाली मान घालून उसवत बसलतो, आणि जावई आमच्या म्होरं पांढऱ्या शिलाईची पोती ट्रकात टाकत होता, मुंबईची. मी थांब म्हणायला तोंड उघडलं, पण काय सांगून थांबवू? गेली दोघं.

वखारबी उठली पुढं. उसवलेली सुतळी मी गाठी मारून घरी आणली, परसात बांधली, निळी कुठली, उन्हानं मातकट झालीया. सुशी दिवाळीला येती, पोरांची धुणी तिच्यावर वाळत्यात. जावई बघतो सुतळीकडं आणि आत जातो. मी कुणाला थांब म्हणत न्हाय आता. जिथं हायत तिथं त्यांच्या पोटाला मिळू दे.